एकीचे जाणे, दोघींचे भाडे

(बी. ए. भाग २)

दिवाळीच्या सुट्टीला जाताना आम्ही तिघी एकाच सकाळी नेसरीच्या स्टँडवर उभ्या होतो. एक आजऱ्याकडची, एक गडहिंग्लजच्या पूर्वेकडची आणि मी चंदगड तालुक्यातली. तीन दिशांना तीन गाड्या. सुट्टी संपल्यावर मात्र दोघीच परत आलो. तिसरीची वाट आम्ही चार दिवस पाहिली. तिचा फोन बंद होता. पाचव्या दिवशी तिचा भाऊ मोटारसायकल घेऊन दारात आला आणि म्हणाला, "ताईची ट्रंक आन् अंथरूण न्यायला आलोय. तिचं ठरलं." लग्न ठरले एवढे आम्हाला कळले. बाकीचे विचारण्याआधीच त्याने ट्रंक मागे बांधायला सुरुवात केली होती. जाताना तो दारात थांबला, जरा अवघडला आणि म्हणाला, "डिपॉझिटचं आठशे रुपये तिचं हाईत म्हनं. बाबांनी आणायला सांगितल्यात."

मैत्रिणीचे लग्न ठरले, तर आनंद व्हायला हवा. आम्हा दोघींना झाला नाही. आम्ही दोघी एकमेकींकडे पाहत राहिलो आणि दोघींच्याही मनात एकच प्रश्न होता. आता खोलीचे भाडे कोण भरणार? हा प्रश्न मनात आला याची मला त्या रात्री लाज वाटली. आज वाटत नाही. उलट, हा प्रश्न आपण कुणी कधी मोकळेपणाने मांडत नाही याचीच लाज वाटते. म्हणून हा लेख. मैत्रिणीचे नाव येथे लिहीत नाही. हा अंक तिच्या सासरपर्यंत जाऊ शकतो.

आपल्या महाविद्यालयात येणाऱ्यांपैकी बरेच जण रोज एस.टी.ने ये-जा करतात. ज्यांची गावे लांब आणि गाड्या कमी, ते खोली करून राहतात. आमच्या घरात मी कॉलेजात आलेली पहिलीच. आई काजूच्या कारखान्यात काजू सोलायला जाते, वडील शेती पाहतात. त्यामुळे खोली कशी घ्यावी, भाडे कसे ठरवावे, बोलणी कुणी करावी, हे सांगणारे घरात कोणी नव्हते. पहिल्या वर्षी ओळख झाली, तिघींची मने जुळली आणि आम्ही खोली घेतली. मने जुळली एवढ्यावर सगळे झाले असे आम्हाला वाटले. खरे तर तिथेच आमची चूक झाली.

आता हिशेब मांडते. आपल्या अंकात कविता पुष्कळ असतात, एक हिशेबही असू द्या. खोलीचे भाडे महिन्याला २,४०० रुपये. विजेचे बिल सुमारे ३६० रुपये. पाण्याचे १५०. गॅसला महिन्याकाठी साधारण ६००. रोज अर्धा लिटर दूध, त्याचे ८४०. एकूण झाले ४,३५०; तिघींत वाटले की एकीच्या वाट्याला १,४५० रुपये. तांदूळ माझ्या घरचा, ज्वारीचे पीठ आणि चटणी तिच्या घरची, आजरेकरणीच्या घरून नाचणी आणि आमसूल. भाजी आठवडी बाजारची.

ती गेली. माणसे तिनाची दोन झाली, म्हणजे खर्चही दोन-तृतीयांश व्हायला हवा, असे गणित सांगते. प्रत्यक्षात काय झाले पाहा. भाडे २,४०० होते, ते २,४०० च राहिले. पाण्याचे १५० तसेच. विजेचे बिल ३६० वरून ३०० वर आले. गॅस ६०० वरून ५०० वर. दुधात आम्ही स्वतःच काट मारली आणि अर्ध्या लिटरचे पाव लिटर केले, म्हणजे ४२०. एकूण ३,७७०, एकीच्या वाट्याला १,८८५. म्हणजे निम्मे दूध पिऊनही दरमहा ४३५ रुपये जास्त. माझ्या आईला हे पैसे मिळवायला सुमारे दोन दिवस काजू सोलावे लागतात. काजूच्या टरफलातल्या तेलाने बोटांची कातडी जाते. ज्यांच्या घरी हे काम चालते त्यांना मी काय म्हणते ते कळेल. शिवाय ज्वारीचे पीठही तिच्याबरोबर गेले, ते वेगळेच.

असे का होते, हे समजून घेण्यासाठी मी विजेचे बिल पहिल्यांदाच नीट वाचले. तोपर्यंत फक्त खालचा आकडा पाहायची सवय होती. त्यात 'स्थिर आकार' नावाची एक ओळ असते. खोलीत तिघी असोत, दोघी असोत, की दाराला कुलूप असो, तो आकार भरावाच लागतो. युनिटचे पैसे वापरावर असतात हे खरे. पण दिवा एक, पंखा एक. तिघींच्या डोक्यावर फिरणारा पंखा दोघींसाठी सावकाश फिरून कमी वीज खातो असे नाही. मग माझ्या लक्षात आले की आमच्या सगळ्याच खर्चात असा एक स्थिर आकार आहे. भाडे हा तर संपूर्ण स्थिर आकार. गरीब माणसाचा संसार बहुतेक अशाच खर्चांचा असतो. चैन कमी करता येते, पण मुळात चैनच नसेल तर कमी काय करायचे? सरतेशेवटी दूध कमी होते.

गॅसचीही एक गोष्ट सांगते. आमच्याकडे पाच किलोचे लहान सिलिंडर आहे. इंडियन ऑइलने २०२० साली त्याचे 'छोटू' असे नाव ठेवले. पत्त्याचा पुरावा नसला तरी नुसते ओळखपत्र दाखवून ते मिळते, म्हणून खोलीवर राहणाऱ्यांना ते सोयीचे. पण घरगुती जोडणीच्या १४.२ किलोच्या सिलिंडरशी किलोमागे भाव ताडून पाहिला तर छोटू महाग पडतो. ज्याला कायमचा पत्ता नाही त्याला तीच वस्तू जास्त पैसे देऊन घ्यावी लागते. अर्थशास्त्राच्या पुस्तकात हा धडा असेल तर मी तो अजून वाचलेला नाही. चुलीपुढे मात्र वाचला.

आठशे रुपयांचे काय केले? आम्ही तिच्या भावाला सांगितले की हे पैसे चालू महिन्याच्या भाड्यात गेले असे समजा. तो काही न बोलता गेला. पुढे मनाला टोचणी लागली, म्हणून वाणिज्य विभागाच्या एका सरांना विचारले. त्यांनी भारतीय करार कायदा, १८७२ मधले ४३ वे कलम समजावून सांगितले. अनेकांनी मिळून एखादे वचन दिले असेल, तर समोरचा माणूस त्यांच्यापैकी कुणाही एकाकडून ते पूर्ण वसूल करू शकतो. ज्याने भरले तो नंतर बाकीच्यांकडून त्यांचा वाटा मागू शकतो. आणि त्यांतल्या एखाद्याने वाटा दिलाच नाही, तर तो तोटा उरलेल्यांनी सारखा वाटून सोसायचा. सरांनी हे सांगितले आणि मी थक्क झाले. दीडशे वर्षांपूर्वीच्या कायद्याला आमच्या खोलीची गोष्ट ठाऊक होती, फक्त आम्हालाच नव्हती. घरमालकीण काकू "मला चोवीसशे पाहिजेत, कोण गेलं आन् कोण राहिलं ते तुमचं तुम्ही बघा," असे म्हणाल्या तेव्हा आम्हाला त्या कठोर वाटल्या होत्या. पण त्यांचे तरी काय चुकले? त्यांनाही घरपट्टी भरायची असते, घर चालवायचे असते. त्यांनी भाडे मागितले, पण पंधरा दिवसांची सवडही दिली.

राग आला तो तिचाच. निदान एक फोन करायचा होता, महिनाभर आधी सांगायचे होते, असे आम्ही दोघी रोज रात्री बोलत असू. मग एके दिवशी तिचाच फोन आला, बहिणीच्या फोनवरून. तिने सांगितले की ती दिवाळीला घरी पोहोचली त्याच संध्याकाळी पाहुणे यायचे ठरलेले होते. तिलाही कुणी आधी सांगितले नव्हते. ज्या मुलीला स्वतःच्या लग्नाची एका दिवसाचीही नोटीस मिळाली नाही, तिच्याकडून आम्ही खोलीच्या भाड्यासाठी एका महिन्याची नोटीस मागत होतो! तिचे वय एकोणीस. कायद्याच्या दृष्टीने सगळे ठीक. विचारले असते तर ती कदाचित 'हो' म्हणालीही असती. पण विचारले कुणी? शेवटी ती म्हणाली, "माझ्या वाट्याचं राहिलंय न्हवं? ओटीत पडलेल्यातलं तीनशे पाठवते. जास्त न्हाईत." दुसऱ्या दिवशी फोनवर तीनशे रुपये जमा झाल्याचा निरोप आला. त्या पैशांतून आम्ही विजेचे बिल भरले. त्या बिलाची पावती मी जपून ठेवली आहे.

मुख्य गोष्ट यापुढेच आहे. भाड्यापेक्षा मोठे संकट आले ते आजऱ्याच्या मैत्रिणीच्या घरून. तिचे वडील फोनवर म्हणाले, "तिघी हाईत म्हणून पाठवली होती. दोघीच पोरी खोलीवर नकोत. आन् पैसंबी जादा लागाय लागलं. परीक्षा झाली की ये घरी." आता विचार करा. ती गेली असती तर २,४०० रुपयांची खोली माझ्या एकटीच्या नावावर राहिली असती. माझ्या घरून तर एकटीला एक दिवसही राहू दिले नसते. म्हणजे एकीचे लग्न ठरले आणि तिघींचे शिक्षण थांबले, असे झाले असते. हजेरीपटावर मात्र तीन वेगवेगळ्या ओळी दिसल्या असत्या, तीन वेगवेगळ्या महिन्यांत कमी झालेल्या. एकीपुढे 'विवाह', दुसरीपुढे 'घरगुती अडचण', तिसरीपुढे बहुधा काहीच नाही. या तिन्ही ओळी एकाच दोरीने बांधलेल्या होत्या, हे कुणाच्याही ध्यानात आले नसते.

मला जे म्हणायचे आहे ते एवढेच. खोलीवर राहणारा विद्यार्थी एकटा शिकत नसतो. त्याच्या शिक्षणाचा एक वाटा त्याच्या सोबत्यांच्या खिशात असतो आणि त्यांच्या शिक्षणाचा एक वाटा त्याच्या. म्हणून एकाचे जाणे ही त्याची खाजगी बाब राहत नाही. ते मागे उरलेल्यांना ओढते. मुलींना जास्त ओढते, कारण त्यांच्या बाबतीत पैशाबरोबर 'सोबत' नावाची अटही तुटते. मुलांच्या खोल्यांतही हेच घडते. कुणी भरतीच्या सरावासाठी गावी जातो, कुणाला गोव्याच्या कारखान्यात काम लागते, कुणी एम.आय.डी.सी.त जातो. उरलेले दोन महिने भाडे थकवतात आणि मग परीक्षेपुरते उगवतात.

काही जण म्हणतील, खोली कशाला हवी? रोज ये-जा करा. बारावीपर्यंत ग्रामीण भागातल्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एस.टी.चा मोफत पास मिळतो. पुढे विद्यार्थ्यांचा सवलतीचा पास आहे आणि १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीटही आहे. हे सगळे खरे आहे आणि त्याचा आम्हाला फार आधार आहे. पण तिकीट अर्धे झाले म्हणून रस्ता अर्धा होत नाही. आमच्याकडचा पाऊस काय असतो ते चंदगड-आजऱ्याच्या माणसाला सांगायला नको. गाडी चुकली तर तास बुडतात, संध्याकाळची चुकली तर घरी जीव टांगणीला. शिवाय मुलगी घरी असली की ती आधी घरची असते, मग कॉलेजची. धुणे, भांडी, वैरण, भांगलण यांतून पुस्तकाला उरतो तो रात्रीचा शेवटचा अर्धा तास. खोलीवर मला पहिल्यांदा सलग दोन तास वाचता आले. आयुष्यात पहिल्यांदा! त्या दोन तासांचे भाडे मी भरते आहे, असे मी आईला सांगितले. तिला ते पटले.

या सगळ्या गोंधळात मला वाट दाखवली ती माझ्या आजोबांनी. आमच्या भागातली असंख्य माणसे मुंबईच्या गिरण्यांत होती. आजोबाही त्यांपैकी एक. गिरणगावात तेव्हा गावागावाच्या खोल्या असत. एका चाळीतल्या एका खोलीत वीस-पंचवीस माणसे. कुणी दिवसपाळीचा, कुणी रातपाळीचा. एकजण कामाला गेला की त्याच्या जागेवर दुसरा आडवा व्हायचा. खोली कुणा एकाची नसे, गावाच्या मंडळाची असे. मी माझी अडचण सांगितली तेव्हा आजोबा हसले आणि म्हणाले, "पोरी, माणूस जातंय, खोली ऱ्हातीया. म्हणून खोलीचा हिसाब माणसावर धरायचा न्हाई." त्यांच्या खोलीत दरमहा वर्गणी असे. ती भाड्याच्या वाट्यापेक्षा जराशी जास्त धरलेली असे. वरचे पैसे मंडळाच्या वहीत शिल्लक पडत. पेरणीला, लग्नाला, आजारपणात कुणी गावी गेला, की त्याची उणीव त्या शिल्लकीतून भरून निघे. खोली सोडणाऱ्याने आपल्या जागी गावातलाच दुसरा माणूस आणून द्यायचा, अशी रीत होती. हिशेबनीस दरसाल बदलायचा आणि वही भिंतीला टांगलेली असायची. आजोबा चौथी शिकलेले. आम्ही पदवीच्या वर्गातल्या तिघी, आणि आमच्या खोलीत वही नव्हती!

मी विचारले, "मग ती खोली अजून आहे का?" आजोबा थोडा वेळ गप्प राहिले. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. महिने गेले, पगार थांबले, आणि माणसे एकामागून एक गावाकडे परतू लागली. "दोन-चार गेली तवर वही टिकली. मग समदीच निघाली. शिल्लक किती दिवस पुरंल?" आजोबांचे हे वाक्य मला विसरता येत नाही. नियम आणि निधी एकाच्या जाण्याला पुरतात, सगळ्यांच्या जाण्याला पुरत नाहीत. म्हणूनच पहिले माणूस जाते तेव्हाच जागे व्हायला हवे. दुसरे निघाल्यावर उशीर झालेला असतो.

आपल्या जिल्ह्याला तर ही गोष्ट नव्याने शिकायची गरजच नाही. खेड्यातला मुलगा शाळेच्या फीमुळे नव्हे, तर शहरात राहायचे कुठे आणि जेवायचे काय या प्रश्नामुळे शिक्षणाला मुकतो, हे राजर्षी शाहू महाराजांनी ओळखले आणि १९०१ पासून कोल्हापुरात एकामागून एक वसतिगृहे उभी केली. त्याच कोल्हापुरात शिकलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग काढले. तिथे सगळ्या जातींची मुले एकत्र राहिली, स्वतः राबली, स्वतः रांधली. पैसे संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही. घराघरांतल्या बायकांनी रोज मूठभर धान्य बाजूला काढायचे आणि ते वसतिगृहाला द्यायचे, या मुष्टिफंडावर कित्येक मुले शिकली. गिरणगावातल्या खाणावळी चालवणाऱ्या बायकांसाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. एकेकटीला जिथे दारात उभे केले जात नव्हते, तिथे सगळ्या मिळून गेल्यावर दार उघडले. आज आपल्या आया गावोगावी बचत गट चालवतात. माझी आई सही करायला बचत गटात शिकली. दरमहा शंभर रुपये भरते आणि नड पडली की कर्ज उचलते. शिकलेल्या मुलींचा गट मात्र कुठे आहे?

नुसती तक्रार करून थांबणे बरे नव्हे. म्हणून तीन गोष्टी सुचवते.

पहिली गोष्ट आपण स्वतः करायची. खोली घेतली त्याच दिवशी एक कागद करायचा. भाडे किती, कुणाचा वाटा किती, डिपॉझिट कुणी किती भरले, सोडायचे असेल तर किती दिवस आधी सांगायचे, अचानक सोडावे लागले तर डिपॉझिटचे काय, हे सगळे त्यावर लिहायचे आणि सगळ्यांनी सही करायची. मैत्रीत असले कागद कशाला, असे आम्हालाही वाटले होते. पण कागद नव्हता म्हणूनच आम्ही मैत्रिणीला महिनाभर मनातल्या मनात शिव्या दिल्या. कागद असता तर निदान मैत्री वाचली असती. आणि दरमहा प्रत्येकीने पन्नास रुपये जादा काढून डब्यात टाकायचे. तिघींचे वर्षाला १,८०० रुपये होतात. एकजण गेली तर भाड्यातला तिचा वाटा दोन महिने भरून निघतो, वर थोडे उरतात. दोन महिन्यांत नवी सोबतीण मिळू शकते.

दुसरी गोष्ट महाविद्यालयाने करायची. कार्यालयाबाहेर एक वही ठेवावी. गावात कुठे खोली आहे, कुठल्या खोलीत एक जागा रिकामी झाली, कोण ये-जा करून थकले आहे आणि खोली शोधते आहे, याची नोंद त्यात व्हावी. मुलींची वही एखाद्या मॅडमकडे असावी, म्हणजे पालकांना विश्वास वाटेल. आम्हाला तिसरी मिळायला दीड महिना लागला. ती आमच्याच वर्गाशेजारच्या वर्गात बसत होती आणि रोज दोन गाड्या बदलून येत होती! आम्ही तिला शोधत होतो, ती आम्हाला शोधत होती आणि मधे एक भिंत होती. एका वहीने हे काम एका दिवसात झाले असते. त्याचबरोबर खोलीवर राहणाऱ्यांसाठी लहानसा निधी उभारावा. दान नको, बिनव्याजी उसने हवे. एका महिन्याच्या भाड्याएवढे द्यावे आणि चार हप्त्यांत परत घ्यावे.

तिसरी गोष्ट गुरुजनांना नम्रपणे सांगायची आहे. हजेरीत एखादीचे नाव सलग दहा दिवस गैरहजर दिसले, तर तिची चौकशी करताच, पण ती कुणाबरोबर राहत होती तेही विचारा. पुढची गळती तिथूनच व्हायची असते. आणि जी गेली तिचीही वाट बंद झाली असे समजू नका. शिवाजी विद्यापीठाचे दूरशिक्षण केंद्र आहे. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून घरी बसून शिकणाऱ्यांना पदवी देते. लग्न ठरले तेव्हा तिच्या घरी आहेराबरोबर या प्रवेशाची माहिती गेली असती, तर सासरच्यांनी ती वाचली असती की नाही कोण जाणे. पण पाठवायला काय हरकत होती? आम्ही आता पाठवली आहे.

आपल्या नेसरीच्या खिंडीशी एक इतिहास जोडलेला आहे. २४ फेब्रुवारी १६७४ ला सरनौबत प्रतापराव गुजर सहा स्वारांसह शत्रूवर तुटून पडले आणि सातही जण कामी आले. दरवर्षी आपण तिथे जाऊन मस्तक नमवतो. यंदा तिथे उभी असताना माझ्या मनात वेगळाच विचार आला. ते सात गेले, पण मागे उरलेल्या फौजेचे काय झाले असेल? ती फौज आनंदरावांनी सांभाळली. पुढे महाराजांनी हंबीरराव मोहित्यांना सरनौबत केले. सैन्य उभे राहिले म्हणून स्वराज्य उभे राहिले, आणि त्याच वर्षी जून महिन्यात राज्याभिषेक झाला. कुठे तो इतिहास आणि कुठे आमची चोवीसशे रुपयांची खोली! तुलना करण्याचा हेतू नाही. पण गेलेल्यांच्या दुःखात मागे राहिलेल्यांची व्यवस्था विसरायची नसते, एवढा धडा त्यातून घेतला तर कुणी रागावू नये.

जानेवारीत आमच्या खोलीत नवी सोबतीण आली. प्रथम वर्षाची आहे. तिचे वडील खोली पाहायला आले तेव्हा त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "आधीची का गेली?" आम्ही खरे ते सांगितले. ते थोडे गप्प राहिले आणि मग भिंतीवरच्या कागदाकडे बोट दाखवून म्हणाले, "ह्ये काय?" मी कागद वाचून दाखवला. भाडे, वीज, पाणी, गॅस, दूध, डबा. शेवटी लिहिले होते, 'सोडून जायचे झाल्यास एक महिना आधी सांगणे. घरून अचानक बोलावणे आल्यास, ते कशासाठी आहे हे आधी विचारणे.' त्यांनी ती शेवटची ओळ मला पुन्हा वाचायला लावली. मग मुलीकडे पाहिले, खिशातून पेन काढले आणि म्हणाले, "हिच्याबरोबर माझीबी सही घ्या."

दूध आता पुन्हा अर्धा लिटर येते.